रोल्स-रॉइस ४०/५० ‘सिल्व्हर घोस्ट’ : एकाच गाडीवर १९ वर्षं चाललेलं काम

सह्यवारा

जुन्या आलिशान गाड्यांवर मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक संस्थानिकांच्या हौसेबद्दल असतं. कुणी किती गाड्या घेतल्या, कुणी काय मढवून घेतलं. गाडी आतून कशी होती आणि ती तशी का झाली, यावर फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा, आणि तोही एकाच गाडीबद्दल.

१९०६ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात रोल्स-रॉइसने ४०/५० अश्वशक्तीची चासी, म्हणजे बॉडीशिवायचा इंजिनासकट सांगाडा, मांडली. हे मॉडेल इंग्लंडमध्ये १९२५ पर्यंत बनत होतं. पहिल्या वर्षीची गाडी आणि शेवटच्या वर्षीची गाडी शेजारी उभ्या केल्या तर नाव सोडून समान भाग फार थोडे निघतील. माझं म्हणणं असं, की या गाडीचा मोठेपणा मूळ आराखड्यात आहेच, पण त्याहून जास्त तो नंतर न थांबता चाललेल्या दुरुस्त्यांत आहे.

हेन्री रॉइस मुळात गाड्यांचा माणूस नव्हता. मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर त्याचा डायनामो आणि विजेच्या क्रेन बनवायचा कारखाना होता. त्याने एक जुनी फ्रेंच डेकॉव्हिल गाडी विकत घेतली, तिच्यातले दोष पाहिले आणि १९०४ मध्ये स्वतःची दोन सिलिंडरची १० अश्वशक्तीची गाडी तयार केली. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनमध्ये गाड्या विकणाऱ्या चार्ल्स रोल्सशी भेट झाली. पुढे तीन, चार, सहा सिलिंडरच्या गाड्या आल्या आणि सहा सिलिंडरच्या ३० अश्वशक्तीच्या गाडीने रॉइसला खरा घाम फोडला. तिचे क्रँक, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरत्या गतीत बदलणारे शाफ्ट, तुटायला लागले.

कारण समजून घेण्यासारखं आहे. सहा सिलिंडर एका ओळीत ठेवले की क्रँक लांब होतो. प्रत्येक स्फोटाला त्या त्या जागी क्रँकला हिसका बसतो, आणि मागचं टोक तर जड फ्लायव्हीलला, म्हणजे गती एकसारखी ठेवणाऱ्या चाकाला, बांधलेलं असतं. त्यामुळे ओला पंचा पिळावा तसा क्रँक किंचित पिळला जातो आणि सुटतो. ठरावीक वेगाला हे हिसके क्रँकच्या स्वतःच्या कंपनाशी जुळले की थरथर वाढत जाते, आवाज येतो, आणि बरेच दिवस असं चाललं की पोलाद थकून तुटतं. त्या काळी सहा सिलिंडरच्या नादाला लागलेल्या सगळ्यांच्याच वाट्याला हे आलं.

३० अश्वशक्तीच्या इंजिनात दोन-दोन सिलिंडरचे तीन ठोकळे होते. ४०/५० मध्ये रॉइसने तीन-तीनचे दोन ठोकळे केले. क्रँक पुष्कळ जाड केला, त्याला सात बेअरिंग दिली आणि त्यांना दाबाने तेल पुरवलं. क्रँकचे पुढचे आणि मागचे तीन वाक एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब असावं असे ठेवले. इंजिन ७,०३६ सीसीचं, ताकद मिनिटाला फक्त १,२०० च्या आसपास फेऱ्यांवर ४८ अश्वशक्ती. नंतर क्रँकच्या पुढच्या टोकाला घर्षणाने कंपन गिळणारा डँपरही आला. इंग्लंडमध्येच फ्रेडरिक लँचेस्टर त्याच सुमारास याच प्रश्नावर काम करत होता आणि त्याच्या डँपरचं पेटंट प्रसिद्ध आहे.

ज्यांनी अशा इंजिनांवर हात चालवलाय त्यांनी जरूर लिहा.

चाफेकळी

लेख आवडला. एक शंका. दोनाचे तीन ठोकळे किंवा तीनाचे दोन, क्रँक तर तेवढाच लांब राहणार ना? मग तुटणं कसं थांबलं?

मिस्त्री

चाफेकळीताई, चांगला प्रश्न आहे. खरा फरक जाडीने पडतो. शाफ्टचा व्यास दुप्पट केला तर पिळाला होणारा विरोध सोळा पट होतो, म्हणून थोडी जाडी वाढवली तरी पुष्कळ फायदा. क्रँक ताठ झाला की त्याचं स्वतःचं कंपन वरच्या वेगाला सरकतं, आणि हे इंजिन तिथवर कधी फिरवायचंच नाही. १,२०० फेऱ्यांवर पूर्ण ताकद देण्यामागचं एक शहाणपण हेही आहे.

मी आयुष्यभर जुनी इंजिनं उघडत आलो. त्यामुळे मला या गाडीतल्या बारीक गोष्टी जास्त भावतात. चासीच्या जोडांना रिबिट न मारता रॉइसने निमुळते बोल्ट वापरले. रीमर फिरवून भोकही तेवढंच निमुळतं करायचं, मग बोल्ट पूर्ण लांबीभर घट्ट बसतो. रिबिट काही वर्षांनी ढिलं पडतं आणि फ्रेम करकरायला लागते. निमुळता बोल्ट कसला की जोडात हालचालच उरत नाही, आणि ढिला झालाच तर परत कसता येतो. हे काम किती वेळखाऊ आहे ते करणाऱ्यालाच कळतं. एकेक भोक हाताने रीम करायचं.

दुसरी गोष्ट तेलाची. बेअरिंगना पंपाचा दाब होताच, पण थ्रॉटल जास्त उघडलं की सिलिंडरच्या भिंतींना वेगळं जास्तीचं तेल मिळायचं. चढावर इंजिनावर भार आला की तेल वाढतं, सपाटीवर कमी होतं, म्हणून धूरही कमी. आणि इग्निशन दोन होती, एक मॅग्नेटो (फिरताना स्वतःच वीज बनवणारा) आणि एक ट्रेंबलर कॉइल (बॅटरीवर चालणारी). प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. एक व्यवस्था बसली तरी गाडी घरी पोचणार.

काँप्रेशन, म्हणजे पेटण्याआधी मिश्रण किती पट दाबलं जातं ते, फक्त ३.२ ला १ होतं. आजच्या पोरांना हे ऐकून नवल वाटेल, पण तेव्हाच्या पेट्रोलचा दर्जा पाहता तेच बरोबर होतं. स्फोट मऊ, म्हणून आवाजही मऊ.

रोखठोक

सगळं मान्य, पण ‘जगातली सर्वोत्तम गाडी’ हा जाहिरातीचाच भाग नव्हता का? क्लॉड जॉन्सन हा त्यांचा व्यवस्थापक प्रसिद्धीत तरबेज होता. एका गाडीला चंदेरी रंग दिला, तिला नाव दिलं, आणि ते नाव पूर्ण मॉडेलला चिकटलं. नेपियरच्या सहा सिलिंडर गाड्या यांच्या आधी बाजारात होत्या. डेमलरला तर राजघराण्याचा आश्रय होता. मग रोल्स-रॉइसचंच कौतुक का?

सह्यवारा

रोखठोक, जॉन्सनबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. बारावी चासी, क्रमांक ६०५५१, नोंदणी ए-एक्स २०१. तिच्यावर बार्करने उघडी बॉडी बांधली, अॅल्युमिनियमचा रंग दिला, दिवे आणि कड्या-मुठींना चांदीचा मुलामा दिला आणि जॉन्सनने तिला ‘सिल्व्हर घोस्ट’ म्हटलं. ही प्रसिद्धीच होती. पण त्याने पुढे त्या गाडीचं काय केलं ते पाहा.

१९०७ मध्ये हीच गाडी स्कॉटलंडच्या विश्वासार्हता चाचणीत उतरवली आणि मग रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकाला शेजारी बसवून लंडन ते ग्लासगो अशा फेऱ्या मारत ठेवली. एकूण १५,००० मैल, म्हणजे २४,००० किलोमीटरहून जास्त. ६२९ मैलांवर पेट्रोलचा कॉक हादऱ्याने बंद झाला आणि गाडी थांबली. त्यानंतरचे १४,३७१ मैल तिने एकदाही स्वतःहून थांबायची वेळ आणली नाही. रविवारी विश्रांती, बाकी दिवसरात्र रस्त्यावर.

मला खरं महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. धाव संपल्यावर क्लबच्या तंत्रज्ञांनी गाडी पूर्ण उघडली आणि जे जे झिजलंय ते नव्यासारखं करायला सांगितलं. सुट्या भागांचा खर्च आला २ पौंड, २ शिलिंग, ७ पेन्स. बेअरिंग, क्रँक, गिअर यांतलं काही बदलावं लागलं नाही. स्टिअरिंगच्या सांध्यासारख्या किरकोळ गोष्टी तेवढ्या निघाल्या. स्वतःची गाडी त्रयस्थ माणसांच्या हाती उघडायला देण्याची हिंमत नुसत्या जाहिरातीतून येत नाही. आतलं काम पक्कं असलं तरच येते.

नेपियरचं श्रेय कुणी नाकारू नये. सहा सिलिंडर व्यवहारात आणले त्यांनीच. डेमलरनेही शांततेसाठी वेगळा मार्ग धरला. चार्ल्स नाइट या अमेरिकन माणसाचं स्लीव्ह वॉल्व्हचं इंजिन त्यांनी १९०९ च्या गाड्यांत आणलं. त्यात वॉल्व्हची टकटक मुळातच नव्हती, कारण वर-खाली होणाऱ्या नळ्यांतूनच हवा आत-बाहेर जायची. इंजिन फार शांत होतं, पण तेल जास्त प्यायचं आणि मागे निळसर धूर सोडायचं. रॉइसने साधे साइड वॉल्व्ह (सिलिंडरच्या बाजूला बसवलेले) ठेवले आणि आवाज काढून टाकला तो कॅमचा आकार, फटी आणि गिअरचे दात यांवर मेहनत करून. मला हा दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण त्यात दर वर्षी सुधारायला जागा उरते.

पंचगंगा

या चर्चेत आमच्या कोल्हापूरचं नाव यायलाच हवं. १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची चाचणी झाली होती. चाचणीचं एकूण अंतर ६२० मैल, म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर, वाटेत सहा घाट. त्यात ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची ४०/५० उतरली आणि जिंकली. नंतर ती गाडी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतली. भारतात रोल्स-रॉइसचं प्रस्थ वाढलं ते या गाडीपासून.

इंग्लंडचे रस्ते आणि सह्याद्रीचे घाट यांत फरक काय हे इथे कुणाला सांगायला नको. खडीचा कच्चा रस्ता, सलग चढ, वरून ऊन. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी सावकाश चढत असते, वारा लागत नाही, म्हणजे रेडिएटरला थंड व्हायला वावच नाही. त्यात ब्रेक फक्त मागच्या बाजूला. उतारावर चालकाचं काय होत असेल याची कल्पना करा. अशा रस्त्यावर पहिली येणारी गाडी आतून भक्कम असणारच.

दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा माणसं सोन्याइतकीच तिला बघायला थांबतात. जुन्या गाडीबद्दलचा हा जिव्हाळा आमच्याकडे पिढ्यांचा आहे, म्हणून हे आवर्जून लिहिलं.

सह्यवारा

पंचगंगा, ही माहिती तुम्ही दिलीत म्हणून धागा सार्थकी लागला.

रेघोटी

मी वस्तूंचे आराखडे करते, त्यामुळे मला बाहेरच्या रूपाबद्दल लिहायचंय. इथे ते अजून आलंच नाही.

तेव्हा रोल्स-रॉइस फक्त चासी विकायची. इंजिन, फ्रेम, चाकं, रेडिएटर आणि बॉनेट एवढंच गिऱ्हाइकाला मिळायचं. बॉडी बार्कर, हूपर, मलिनर अशा कारखान्यांत बांधून घ्यायची, आपल्याकडे ट्रक आणि बसची बॉडी बांधतात तशीच पद्धत. हे कारखाने आधी घोडागाड्या बांधायचे. त्यामुळे सुरुवातीच्या गाड्यांत एक अडचण स्पष्ट दिसते. पुढे इंजिनाची पेटी, मग एक उभी लाकडी फळी, आणि तिच्यामागे वेगळीच एक बग्गी. दोन वस्तू एकमेकींना चिकटवल्यासारखं ते रूप. प्रवासी उंचावर बसलेले, समोरच्या दारांचा पत्ता नाही.

१९१० च्या आसपास टॉर्पेडो बॉडी रूढ झाली. बॉनेट आणि बॉडी यांच्यामध्ये मागे चढत जाणारा एक वळणदार पत्रा आला, त्याला स्कटल म्हणतात. पुढच्या सीटलाही दारं आली, बाजू सपाट झाल्या आणि वरची रेघ रेडिएटरपासून मागच्या सीटपर्यंत सलग वाहायला लागली. माझ्या मते मोटारगाडी दिसायला मोटारगाडी झाली ती या एका पत्र्याने. शिवाय पायांवर येणारा वारा आणि पाऊस अडला, म्हणजे ती सोयही होती.

रेडिएटरचं काय बोलावं! ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा तो आकार, वर त्रिकोणी माथा, कडा धारदार. पूर्ण सपाट पृष्ठभाग दुरून किंचित आत दबल्यासारखा दिसतो, म्हणून ग्रीक लोक खांबांना अगदी बारीक फुगवटा द्यायचे. या रेडिएटरच्या घडणीतही तीच युक्ती आहे. हाताने घडवायचा, हाताने डाग द्यायचा. वाऱ्याच्या दृष्टीने ती समोर उभी केलेली भिंत आहे, पण तेव्हाच्या वेगाला त्याने फार बिघडत नव्हतं.

त्याच्या टोपणावरची मूर्ती १९११ मध्ये चार्ल्स साइक्स या शिल्पकाराने केली. मालक लोक तिथे मनाला येईल ती बाहुली लावायला लागले होते, ते जॉन्सनला खटकलं. त्याने शिल्पकारालाच गाठलं. त्याच्या नजरेबद्दल मला आदर आहे. गाडीची बॉडी आपल्या हातात नाही, पण समोरून दिसणारा चेहरा आपलाच राहील, हे त्याने सांभाळलं. आजही ती गाडी लांबून ओळखू येते ती त्यामुळेच.

मिस्त्री

रेघोटीताई, तुमच्या लिहिण्याला एक जोड देतो. बॉडी बंदिस्त आणि मोठ्या व्हायला लागल्या तसं वजन वाढलं, आणि ते सगळं ओझं चासीवर आलं. म्हणून इंजिनाचा स्ट्रोक साडेचार इंचांवरून पावणेपाच इंच केला, सीसी ७,४२८ झाले. मागचे पाटेही बदलत गेले. आधी दोन पाटे आणि त्यांना मागे जोडणारा आडवा पाटा, नंतर तीन-चतुर्थांश लंबवर्तुळाकार, आणि मग कँटिलिव्हर (मधे चासीला टेकलेला, मागचं टोक अॅक्सलला). मागे बसणाऱ्याला धक्का लागू नये यासाठी एवढा खटाटोप.

रॉइस चासी यंत्रावर चढवून मुद्दाम आपटायचा. ओबडधोबड चाकं खाली फिरतायत आणि वर गाडी जागच्या जागी उसळतेय. जो भाग आधी तुटेल तो जाड करायचा, जो कधीच तुटत नाही तो हलका करायचा. रस्त्यावर अनेक महिने जे कळायला लागतील ते दोष असे लवकर कळायचे.

चाफेकळी

गिअरबॉक्सबद्दल कुणी सांगेल का? सुरुवातीला चार गिअर होते, मग तीन, मग पुन्हा चार, असं मी वाचलंय. हे मागे-पुढे का?

सह्यवारा

हाच माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

पहिल्या गाड्यांना चार गिअर होते. तिसरा थेट, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या तशाच पुढे देणारा, आणि चौथा ओव्हरड्राइव्ह, सपाट रस्त्यावर इंजिनाला आराम देणारा. तांत्रिकदृष्ट्या उत्तम योजना. पण तेव्हाच्या गाड्यांत गिअर बदलणं हे कसबाचं काम होतं, सिंक्रोमेश (गिअर सहज बदलू देणारी यंत्रणा) यायला अजून पुष्कळ अवकाश होता. श्रीमंत गिऱ्हाइकाला सगळं अंतर टॉप गिअरमध्येच कापायची हौस, आणि थेट गिअरपेक्षा ओव्हरड्राइव्हचा आवाज जास्त. म्हणून १९०९ मध्ये तीन गिअरचा, वरचा थेट असलेला बॉक्स आला.

टॉप गिअरच्या या वेडाचं टोक म्हणजे १९११ ची लंडन-एडिनबरो धाव. नेपियरने हे अंतर फक्त टॉप गिअरवर कापून दाखवलं होतं. उत्तर म्हणून रोल्स-रॉइसच्या अर्नेस्ट हाइव्ह्सने ४०/५० तशीच नेली. गॅलनला २४.३२ मैल पडले, म्हणजे लिटरला साधारण साडेआठ किलोमीटर. सात लिटरच्या इंजिनाचा हा आकडा आजही चांगला वाटतो. तीच गाडी नंतर ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर ताशी ७८.२६ मैलांनी पळाली. त्या गाडीचं बॉनेट मागे रुंद होत जाऊन थेट स्कटलला मिळतं. रेघोटी म्हणतात ती सलग रेघ तिच्यात फार सुंदर दिसते.

आणि मग १९१२ ची आल्प्सची चाचणी. जेम्स रॅडली नावाच्या खाजगी मालकाने स्वतःची गाडी उतरवली आणि ऑस्ट्रियातल्या कॅट्शबर्गच्या चढावर ती अडली. इंजिनात ताकद होती, पण तीन गिअरमधला सगळ्यात खालचा गिअर त्या चढाला पुरेसा खाली नव्हता. सपाट इंग्लंडमधल्या आवडीने ठरवलेली गोष्ट डोंगरात उघडी पडली. डर्बीत, म्हणजे कंपनीच्या नव्या कारखान्यात, हे फार मनाला लावून घेतलं गेलं. पुढच्या वर्षी चार गिअरचा नवा बॉक्स, वाढीव ताकद आणि मोठा रेडिएटर घेऊन कंपनीचा संघ आल्प्समध्ये गेला आणि सगळ्यांना मागे टाकून आला. ती दुरुस्ती एका चाचणीपुरती राहिली नाही. चार गिअर लवकरच सगळ्याच गाड्यांना मिळाले.

एका मालकाची गाडी एका चढावर अडते आणि वर्षभरात पूर्ण गिअरबॉक्स बदलतो, हे मला त्या कारखान्याचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य वाटतं.

रोखठोक

छान लिहिलंत. पण मग सेल्फ-स्टार्टरचं काय? कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या मॉडेलला दिला. रोल्स-रॉइसने दिला १९१९ मध्ये. सात लिटरच्या इंजिनाला हँडल मारायला लावणाऱ्या गाडीला मी आलिशान कसं म्हणू? हँडल उलटं फिरून मनगटं मोडल्याच्या गोष्टी काही खोट्या नाहीत.

मिस्त्री

उशीर झाला हे खरंच. युद्धाची चार वर्षं त्यात गेली, त्या काळात याच चासीवर चिलखती गाड्या बांधल्या जात होत्या. पण एक लक्षात घ्या. हे इंजिन गरम असेल तर बऱ्याचदा हँडलशिवायच चालू व्हायचं. सहा सिलिंडर असल्यामुळे कुठल्या ना कुठल्या सिलिंडरात दाबलेलं मिश्रण थांबलेलं असायचं. ट्रेंबलर कॉइलचा स्विच लावून स्टिअरिंगवरचा स्पार्कचा दांडा सरकवला की ठिणगी पडून इंजिन आपोआप सुरू. शिवाय हँडल मारायला पगारी ड्रायव्हर असायचा, त्यामुळे मालकाला घाई नव्हती. कॅडिलॅकचा मालक स्वतः गाडी चालवायचा, कधी त्याची बायको चालवायची. त्यांना स्टार्टरची गरज जास्त होती आणि त्यांनी तो आधी आणला. त्याचं श्रेय त्यांचंच.

रोखठोक

हे पटलं. मग ब्रेकचंही सांगा. पंचगंगांनी घाटातला उतार म्हटलं तेव्हापासून डोक्यात आहे.

सह्यवारा

ब्रेकच्या बाबतीत ही गाडी मागेच होती. सुरुवातीला पायाचा ब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर आणि हाताचा मागच्या चाकांवर. शाफ्टवरचा ब्रेक जोरात दाबला की सगळा ताण डिफरन्शिअलवर येतो. १९१३ मध्ये पायाचा ब्रेकही मागच्या चाकांवर नेला. पुढच्या चाकांना मात्र १९२३ पर्यंत काही नव्हतं.

१९१९ मध्ये पॅरिसमध्ये हिस्पानो-सुइझाची एच-६ आली. तिचा कर्ता मार्क बिर्किट हा स्विस अभियंता. चारही चाकांना ब्रेक, आणि गाडीच्याच गतीतून जोर घेणारा यांत्रिक सर्व्हो. चालकाने पायाने थोडंसं दाबायचं, बाकीचं काम फिरणारा शाफ्ट करतो. गाडी जितकी जड तितका याचा उपयोग जास्त. रॉइसने ते तत्त्व परवान्याने घेतलं, त्यावर काम करून गिअरबॉक्सवरून चालणारा स्वतःचा सर्व्हो बसवला आणि १९२४ च्या ४०/५० ला चार चाकांचे ब्रेक मिळाले. दुसऱ्याची चांगली गोष्ट रीतसर घ्यायला त्याला कमीपणा वाटला नाही. हा सर्व्हो पुढे कित्येक दशकं त्यांच्या गाड्यांत राहिला.

वर्षभरातच ४०/५० च्या जागी फँटम आली. तिच्या पहिल्या गाड्यांत इंजिन नवं होतं, वॉल्व्ह वर गेले होते. खालची चासी मात्र बरीचशी तीच, ब्रेकसकट.